पान चौऱ्याऐंशी, ओळ सहा ते अकरा

माझं छापून आलेलं पहिलंवहिलं लेखन खोटं होतं. थोडं वाढवून सांगितलेलं वगैरे नाही, साफ खोटं. आणि ते काचेच्या फ्रेममध्ये आमच्या बाहेरच्या खोलीत टांगलेलं होतं. पाहुणा चपला काढून आत आला की पंखा, टीव्ही आणि माझं खोटं, या क्रमाने त्याला दर्शन व्हायचं.

दोष माझा नाही, असं मी पहिले दोन दिवस म्हणत होते. दोष आमच्या बँडचा. आमचा म्हणजे माझा आणि चिटणीसचा. आम्ही दोघींनी आठवीत असताना या बँडचं चाहते मंडळ स्थापन केलं. मी अध्यक्ष, ती चिटणीस, सभासदसंख्या दोन. तेव्हापासून शाळेत तिला सगळे चिटणीसच म्हणतात, आता तर तिची आईसुद्धा जेवायला हाक मारताना तेच म्हणते.

बँडचे जुने तीन अल्बम तुम्ही ऐकले नसतील तर कल्पना करा की कुणीतरी भांड्यांची मांडणी जिन्यावरून ढकलून दिली आहे आणि ती तालात खाली येते आहे. वर एक बाई ओरडते आहे आणि तिचं बरोबर आहे. एक गाणं तर नुसतं 'नाही' या शब्दाचं आहे, साडेचार मिनिटं. त्याआधी मी वर्गात हात वर करायची नाही. खिडकीतून पाणी येऊन वही भिजली तरी गप्प बसायची. ते गाणं दोनशे वेळा ऐकलं आणि एका मंगळवारी गणिताच्या सरांना उभं राहून सांगितलं की फळ्यावरचं उत्तर चुकलं आहे. चुकलंच होतं. तेव्हापासून मी बसलेली नाही, असं आई म्हणते.

त्यामुळे चौथा अल्बम येणार हे कळल्यावर मी काय केलं असेल ते सांगायला नको. पण सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

शाळेच्या वार्षिक अंकाचं काम भूगोलाच्या सरांकडे असतं. त्यांना आम्ही संपादक सर म्हणतो आणि ते त्यांना आवडतं. अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "पान चौऱ्याऐंशी रिकामं आहे. एक तर तुझं काहीतरी दे, नाहीतर मी पाणी वाचवा टाकतो." पाणी वाचवा गेली सहा वर्षं येतंय. मी म्हटलं, नव्या अल्बमचं परीक्षण देते. सर म्हणाले, उद्या सकाळी दे. अल्बम यायला बारा दिवस होते.

आता बघा, ज्या माणसांनी तीनदा माझी छाती हादरवली ती चौथ्यांदा हादरवणार नाहीत, असं कोण म्हणेल? मी मुखपृष्ठाचं चित्र बघितलं, डोळे मिटले आणि लिहिलं. 'ड्रम ऐकताना छाती धडधडते.' 'तिसऱ्या गाण्यात ड्रमवाल्याने कमाल केली आहे.' 'शेवटचं गाणं ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.' संपादक सरांनी वाचून मान डोलावली. अल्बम आलाय का, हे त्यांनी विचारलं नाही. भूगोलाचा माणूस, न बघितलेल्या नद्यांबद्दल रोज सांगतो.

आठवड्याभरात अंक छापून झाला. छापखान्याने प्रत्येक लेखकाला आपापलं पान सुटं दिलं. बाबांनी ते संध्याकाळी फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याआधी ते कार्यालयात सगळ्यांना वाचून दाखवलं. बाबा जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात आहेत. त्या दिवशी आपले आजोबा गेल्याची नोंद करायला आलेल्या एका गृहस्थांनाही त्यांनी ड्रमवाल्याची कमाल ऐकवली. गृहस्थ म्हणाले म्हणे, "पोरीची भाषा चांगली आहे." आणि डोळे पुसले. बाबांनी ते माझ्याच खात्यात धरलं.

मग शुक्रवारी अल्बम आला.

मी दार लावून, दिवा घालवून ऐकायला बसले. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला वाटलं, आधी जाहिरात लागली आहे. दात घासण्याच्या पावडरीची. संपेल म्हणून थांबले. ती संपली तेव्हा दुसरी जाहिरात सुरू झाली. ज्या बाई 'नाही' म्हणून साडेचार मिनिटं ओरडायच्या त्या आता 'ये ना, ये ना, जवळ ये ना' असं यंत्रातून गाळून घेतलेल्या आवाजात म्हणत होत्या. ड्रम नव्हते. शिवणयंत्रासारखं काहीतरी टकटकत होतं. तिसऱ्या गाण्यात तर ड्रमवाला नुसत्या टाळ्या वाजवतो. खोटं वाटत असेल तर अल्बमच्या वेष्टनामागे छापलंय, त्याच्या नावापुढे: टाळ्या. शेवटचं गाणं म्हणजे पहिलंच गाणं, जरा घाईत.

दार उघडून बाहेर आले तर आई इस्त्री करत होती आणि गुणगुणत होती. 'ये ना, ये ना.'

"आज पहिल्यांदा काहीतरी ऐकण्यासारखं लावलंस," आई म्हणाली. "लाव परत, अजून चार शर्ट राहिलेत."

माझ्या बँडवर इस्त्री फिरली होती. आणि त्याहून मोठा पुरावा वरच्या मजल्यावर होता. वरच्या काकू गेली दोन वर्षं माझ्या बँडचा पहिला ठोका पडला की जमिनीवर काठी आपटतात. त्या दिवशी अख्खा अल्बम वाजला आणि काठी आपटली गेली नाही. जिन्यात भेटल्या तेव्हा उलट म्हणाल्या, "सुधारलीस हं."

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. की अल्बम वाईट आहे आणि मी छापून तो चांगला म्हटला आहे.

"दहा वेळा ऐक," काकू म्हणाल्या. "आवडेल. मला तुझे काका असेच आवडले."

खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर दारात पेपर वाचत होते, म्हणजे आमचं बोलणं ऐकत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कशाला जीव जाळतेस? कुणी वाचत नाही. तीस वर्षं लोकांच्या हातात कागद दिलेत मी. माणूस आधी आपलं नाव शोधतो आणि मग मिटून ठेवतो."

हा सगळ्यांत मोठा अपमान होता. मी खोटं लिहिलं ते लिहिलं, आणि वर ते कुणी वाचणारही नाही?

चिटणीसला फोन केला. म्हटलं, मंडळाची तातडीची सभा घे, निषेधाचा ठराव करायचाय. तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "मला आवडला."

"काय आवडला?"

"अल्बम. सकाळपासून चारदा ऐकला."

"त्यात ड्रम नाहीत."

"टाळ्या आहेत ना."

"तू चिटणीस आहेस," मी म्हणाले. "तुला असं आवडून कसं चालेल?"

"मला ऐकून आवडला," ती म्हणाली. "तुला न ऐकता आवडला होता."

मी फोन ठेवला. एखादीने आपल्याला हरवावं, पण इतक्या थोडक्यात हरवू नये.

पण तेव्हाच ठरवलं. बँडने हवं ते करावं, चिटणीसने हवं ते ऐकावं, माझ्या नावाखाली मात्र खोटं वाटलं जाणार नाही. सहाशे चाळीस प्रती ग्रंथालयात गठ्ठे बांधून ठेवल्या होत्या आणि पुढच्या शनिवारी वार्षिक समारंभात त्या वाटल्या जाणार होत्या. मध्ये आठवडा होता. एका पानाचा तर प्रश्न, असं मला वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते मला तोवर नुसतं परीक्षेपुरतं माहीत होतं.

सोमवारी संपादक सरांना गाठलं. "सर, पान चौऱ्याऐंशी काढून टाका."

सरांनी एक प्रत उघडून पान उलटलं. मागच्या बाजूला पान त्र्याऐंशी, त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा पानभर फोटो. "तुला काढायचं तर यांना काढावं लागेल," सर म्हणाले. "काढू?"

मी म्हटलं, काढून बघू या. सरांनी मला अंकाचा मधला भाग दाखवला. हे मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल: अंक मध्ये टाचलेला असतो, त्यामुळे मागचं एक पान आणि पुढचं एक पान हा एकच कागद असतो. अठ्ठ्याऐंशी पानांच्या अंकात माझं चौऱ्याऐंशीवं पान ज्या कागदावर होतं, त्याच्याच दुसऱ्या टोकाला होतं पान पाच. पान पाचवर मोठ्या बाईंचं मनोगत. मला ओढलं की मुख्याध्यापिका गळून पडणार.

"मग चिकटपट्टी?"

"अध्यक्षांच्या पाठीला?"

शेवटी सरांनीच वाट काढली. अंकात एक शुद्धिपत्र घालायचंच होतं, कारण पान एकतीसवरच्या वर्गाच्या फोटोखाली नावं उलट्या बाजूने लागली होती आणि शाळेतला सगळ्यांत शांत विद्यार्थी 'क्रीडाचिटणीस व दंगामस्ती' ठरला होता. त्याच चिठ्ठीत माझ्या खोट्या ओळी, सहा ते अकरा, घालू म्हणाले. सरांनी कोरा नमुना दिला. पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध, आणि शेवटचा रकाना: चुकीचे कारण.

"कारणात मुद्रणदोष लिही," सर म्हणाले. "सगळे तेच लिहितात. मुद्रणदोषाला कुणी काही विचारत नाही."

मी लिहिलं. खोटं पुसायला दुसरं खोटं, पण तेव्हा ते मला कार्यालयीन वाटलं. कागद घेऊन शाळा सुटल्यावर छापखान्यात गेले. छापखानेवाले काका कोपरापर्यंत काळे होते. त्यांनी कागद लांब धरून वाचला, मग यंत्र बंद केलं. ते यंत्र बंद झालं की किती शांतता होते ते मला तेव्हा कळलं.

"'ड्रम ऐकताना छाती धडधडते' याच्याऐवजी 'अल्बममध्ये ड्रम नाहीत'. आणि हा माझा दोष?"

"तसं नाही काका, ते नुसतं..."

"माझ्या यंत्राने ड्रम वाजवले का?" त्यांनी हात पुसले. "बाई, मात्रा पडली तर माझी. अनुस्वार उडाला तर माझा. एकतीस नंबरचा फोटोसुद्धा माझा, मी कबूल करतो. पण तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं की नव्हतं, हे मी कुठून दुरुस्त करू? तू जे दिलंस ते मी छापलं. खरं कारण लिहून आण, नाहीतर हे मी छापत नाही."

म्हणजे बुडत्याचा पाय खोलात. खरं कारण एकच होतं आणि ते लिहिलं की शाळेत, घरात, बाबांच्या कार्यालयात सगळ्यांना कळणार होतं की हिने न ऐकताच लिहिलं. मुद्रणदोष म्हणून माझं वाक्य गेलं असतं. खऱ्या कारणाने माझा शब्द गेला असता.

त्या रात्री जेवताना मी ते बाबांना सांगितलं. फ्रेमकडे पाठ करून बसले होते.

बाबांनी आधी नेहमीचंच विचारलं, "शुद्धलेखन तर बरोबर आहे ना?"

"ते बरोबर आहे. पण बाबा, मी अल्बम ऐकलाच नव्हता."

"म्हणजे पूर्ण ऐकला नव्हता."

"आलाच नव्हता."

बाबांनी घास खाली ठेवला. "मी सगळ्यांना वाचून दाखवलं," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावण्यावर माझ्याकडे साडेचार मिनिटांचं गाणं आहे. आई म्हणाली, "अहो, गाण्यांचंच तर आहे." बाबांनी त्या दिवशी टीव्ही लावला नाही, कारण टीव्हीकडे बघितलं की वरच्या फ्रेमकडे बघावं लागतं.

सकाळी ते बुटांना पॉलिश करत होते. मान वर न करता म्हणाले, "आमच्याकडे परवा एक माणूस आला होता. कागदावर मेलाय, समोर उभा आहे. माणसाला जिवंत करायला तीन अर्ज लागतात."

"मग केलात का?"

"केला. पण नोंदवहीत चूक कशी सुधारायची, माहितीये? खोडरबर नाही. पांढरा रंग नाही. पान फाडायचं तर नाहीच. चुकीच्या शब्दावर एक रेघ, एकच. खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते, बाजूला सही आणि तारीख." त्यांनी बूट उलटा करून टाच बघितली. "चूक लपवली की नोंदवहीच खोटी होते."

एवढं बोलून ते कामावर गेले. फ्रेम मात्र काढली नाही.

मी कारणाच्या रकान्यातलं 'मुद्रणदोष' खोडलं. एकाच रेघेने. वर लिहिलं: 'परीक्षण लिहिले तेव्हा लेखिकेने अल्बम ऐकलेला नव्हता.' अक्षर चांगलं आलं.

संपादक सरांनी ते वाचलं आणि त्यांना खोकला आला. "हे असं छापून कसं चालेल? शाळेचं नाक जाईल. याला मोठ्या बाईंची सही लागेल." त्यांना वाटलं, एवढ्यावर मी मागे फिरेन. मोठ्या बाईंच्या खोलीत आजवर स्वतःहून कुणी गेलेलं नाही, शिपाईसुद्धा घंटा वाजल्याशिवाय जात नाहीत.

मी गेले. सर मागे होते, दारापर्यंत.

मोठ्या बाईंनी कागद वाचला. मग मला वाचलं. "न ऐकता लिहिलंस?"

"हो, बाई."

"आणि आता सहाशे चाळीस लोकांना ते सांगायचंय."

"हो, बाई."

"हे छापलं तर लोक विचारतील, या अंकात आणखी काय काय असंच लिहिलंय. मी सही करणार नाही."

जुनी मी असते तर तिथून निघाले असते आणि पाणी वाचवा लिहीत बसले असते. पण आदल्या रात्री झोप येईना म्हणून मी सरांकडून आणलेला तो अंक पहिल्या पानापासून वाचला होता. मला वाटतं, सहाशे चाळीस प्रतींमधली ती एकमेव वाचली गेलेली प्रत असावी.

"बाई," मी म्हणाले, "पान पाच, ओळ दोन."

त्यांनी अंक उघडला. त्यांच्या मनोगताची दुसरी ओळ अशी होती: 'यंदाचा वार्षिक समारंभ अत्यंत उत्साहात पार पडला.' समारंभ शनिवारी होता. तो दिवस बुधवार होता.

दारातून सरांचा खोकला आला.

"आपली दोघींची पानं एकाच कागदावर आहेत, बाई," मी म्हणाले. उद्धटपणा म्हणून नाही. खरोखरच आहेत.

मोठ्या बाईंनी पान पाच पुन्हा बघितलं. मग टोपण काढलं आणि सही केली. आणि सहीच्या वर, स्वतःच्या अक्षरात, एक ओळ वाढवली: 'पान ५, ओळ २: पार पडला याऐवजी, पार पडेल अशी आशा आहे.' कागद परत देताना म्हणाल्या, "कुठे चुकलीस ते सांगत फिर आता आयुष्यभर." मला ती शिक्षा वाटली नाही.

बाहेर आल्यावर संपादक सर जिन्यापर्यंत बरोबर चालले. मग थांबले. "दे इकडे." भिंतीवर कागद टेकवून त्यांनी लिहिलं, 'पान ४०: सहलीचा अहवाल. सहल रद्द झाली होती.' आणि खिशाला पेन लावून निघून गेले. डोंगरावरच्या सूर्योदयाचं त्यांनी त्यात दीड पान वर्णन केलं होतं.

छापखानेवाल्या काकांनी कागद वाचला, दोनदा वाचला. "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर ढकललं नाही," म्हणाले आणि शुद्धिपत्र जाड कागदावर छापून दिलं. आधी तळहाताएवढं होणार होतं ते आता अर्ध्या पानाचं झालं होतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी ग्रंथालयात डिंकाची बाटली घेऊन एकटी बसले. अठ्ठावीस प्रती झाल्या, माझी बोटं एकमेकांना चिकटली, आणि दारात चिटणीस.

"अध्यक्ष," ती म्हणाली, "मला न विचारता मंडळाच्या वतीने मत छापलंस?"

"मंडळाच्या नाही, माझ्या."

"मग माझं पण छाप."

"छपाई झाली."

तिने दप्तरातून रबरी शिक्का काढला. गल्लीतल्या शिक्केवाल्याकडून करून आणला होता. 'चिटणीसांचे मत वेगळे आहे.' मी म्हटलं, मार. मी डिंक लावायची, ती ठोकायची. सहाशे चाळीस वेळा. मध्ये ती गुणगुणायला लागली, 'ये ना, ये ना', मी तिला डिंकाचा ब्रश दाखवला. तरी थांबली नाही. मला वाटतं, जी थांबली नाही तीच खरी चाहती. पण हे मी तिला सांगणार नाही.

शनिवारी अंक वाटले गेले. पोस्टमास्तर चुकले होते. माणूस आधी आपलं नाव शोधतो हे खरं, पण जाड कागद चिकटवला असला तर आधी दुसऱ्याची चूक वाचतो. शुद्धिपत्र वाचून लोक पान पाच उघडत होते, मग चाळीस, मग चौऱ्याऐंशी. सातवीतली एक मुलगी मला येऊन म्हणाली, "ताई, त्या डोळ्यांत पाणी आलं याच्यापुढे शुद्ध रकान्यात 'आले, पण कारण वेगळे' असं लिहिलंय, ते कारण काय?" मी म्हटलं, अल्बम ऐक. आणि ऐकून ठरव.

समारंभ, कळवायला हरकत नाही, अत्यंत उत्साहात पार पडला.

घरी आले तर बाबांनी फ्रेम खाली काढली होती. काच बाजूला होती, पान टेबलावर, आणि कार्यालयातली लाल पेन्सिल, पट्टी. ओळ सहा ते अकरा, प्रत्येकीवर एक बारीक रेघ. हात न हलवता ओढलेली, तीस वर्षांच्या सरावाची.

"खालचं वाचता येतंय ना?" बाबांनी विचारलं.

"येतंय."

"मग सही कर."

"तुम्ही करा ना. तुमची रेघ आहे."

"नोंद ज्याची, सही त्याची."

मी सही केली, तारीख घातली. बाबांनी काच बसवली, फ्रेम पुन्हा टीव्हीच्या वर टांगली, मागे सरकून बघितलं आणि टीव्ही लावला. आई म्हणाली डावीकडे कलली आहे. कललीच होती.

मग मी खोलीत जाऊन बँडचा पहिला अल्बम लावला, सगळ्यांत मोठ्या आवाजात. मांडणी जिन्यावरून सुटली. ड्रमचा पहिला ठोका पडला आणि वरच्या काकूंनी काठी आपटली. थांबल्या नाहीत, पुढच्या ठोक्यालाही आपटली, आणि त्याच्या पुढच्याही. अगदी तालात. आणि हे मी ऐकून लिहिते आहे.